वीस मिनिटांचं पाणी

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर बावीस वर्षं काम करत होत्या, आणि त्या बावीस वर्षांत त्यांना खुर्चीवर टेकलेलं फारसं कोणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा त्या उभ्यानं, चालता चालता प्यायच्या. वॉर्डात काम करणाऱ्या आया त्यांना मागून ‘भिंगरी’ म्हणायच्या. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. पट्ट्या बदलायच्या, सलाईन बघायचं, रडणाऱ्याला दरडावायचं, रडणाऱ्याच्या आईला त्याहून जास्त दरडावायचं, आणि मग कोणाचं लक्ष नाही असं बघून पोराच्या डोक्यावरून हात फिरवायचा. दिवस असाच निघून जायचा. बोलणं हा काही त्यांचा प्रांत नव्हता. त्यांचं बोलणं म्हणजे हुकूम: “हात वर. हलू नको. झालं.”

त्यामुळे मोठे डॉक्टर अचानक रजेवर गेले आणि कपड्यांच्या कारखान्यातलं, भाजल्यावर काय करायचं याबद्दलचं त्यांचं भाषण सिस्टरांच्या गळ्यात पडलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जाताना डॉक्टरांनी एक पेन ड्राइव्ह हातात दिला. “सगळं यात आहे. सेहेचाळीस स्लाइड आहेत. फक्त वाचून दाखवा.”

कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत तीनशे बायका निळे एप्रन घालून बसल्या होत्या. सिस्टरांनी सुरुवातीला व्यवस्थापनाचे आभार मानले, मग सुपरवायझरचे, मग आपल्या रुग्णालयाचे. नंतर त्वचेचे थर आले. नंतर भाजण्याचे प्रकार. शरीराचा कुठला भाग किती टक्के: एक हात नऊ, एक पाय अठरा, पाठ अठरा. माइक मधूनच घूं करायचा. सिस्टर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत, श्वास न घेता, एक्सप्रेस गाडीसारख्या सुटल्या होत्या. समोर डबे उघडत होते, डबे बंद होत होते. मागच्या रांगेतल्या दोघीजणी एकमेकींच्या नखांना रंग लावत होत्या. शेवटी टाळ्या मात्र कडाडून झाल्या. सिस्टरांना वाटलं, आवडलं असावं.

घरी येऊन त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, “अण्णा, छान झालं हो. एकदाही अडखळले नाही.”

“लोक अडखळले का?” अण्णांनी विचारलं.

“म्हणजे?”

“काही नाही,” अण्णा म्हणाले आणि वाटाणे सोलत राहिले.

अकरा दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, निळा एप्रन घातलेली एक बाई चार वर्षांच्या मुलीला कवटाळून धावत वॉर्डात आली. पोरीच्या अंगावर आंघोळीचं कढत पाणी सांडलं होतं. उजवा दंड, काख आणि छातीचा थोडा भाग. आणि त्या सगळ्यावर पांढऱ्या टूथपेस्टचा जाड थर लिंपलेला होता, वाळून तडकलेला.

टूथपेस्ट काढायला पाऊण तास लागला. ज्यानं ते काम केलंय त्यालाच कळेल ते काय असतं. पोरगी ओरडून ओरडून शेवटी नुसती उसासे टाकत राहिली. सिस्टरांचे हात नेहमीसारखे सरावानं चालत होते, पण नजर पुन्हा पुन्हा त्या निळ्या एप्रनकडे जात होती.

सगळं झाल्यावर त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या आईला विचारलं, “पेस्ट कोणी लावली?”

“मीच. शेजारीण म्हणाली, थंड असते.”

“पाणी नाही टाकलं?”

“टाकलं ना. एक तांब्या.”

सिस्टरांनी विचारलं, “तुम्ही त्या दिवशी कँटीनमध्ये होता? मी आले होते तेव्हा?”

“होते की. दुसऱ्याच ओळीत बसले होते.” बाईनं डोळे पुसले. “सिस्टर, मी ऐकत होते हो, खरंच. हात नऊ टक्के ना? मी रिक्षात तेच म्हणत होते, हात नऊ टक्के, हात नऊ टक्के. त्याच्या पुढचं काही आठवेचना.”

सिस्टर ऑफिसात गेल्या, संगणक लावला आणि सेहेचाळीस स्लाइड एकेक करून बघितल्या. ‘भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे’ हे वाक्य एकतिसाव्या स्लाइडवर होतं. खालून तिसरी ओळ. अक्षर मुंगीएवढं.

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली, ती काही केल्या थांबेना. घासलेली भांडी त्या पुन्हा घासायच्या. वॉर्डातल्या कपाटाची एका आठवड्यात तीनदा आवराआवर झाली. नवऱ्यानं विचारलं, “तब्येत बरी नाही का?” तर त्याच्यावरच खेकसल्या. पोरीच्या काखेतली जखम खोल होती, तिथे मांडीची कातडी लावावी लागली. ती बरी होत होती, पण हात खांद्याच्या वर जात नव्हता. रोज पट्टी बदलताना सिस्टर मनातल्या मनात त्याच जागी येऊन थांबायच्या: मी तिथे होते. तीनशे बायका समोर होत्या. माझ्या तोंडात ते वाक्य होतं. आणि मी ते एकतिसाव्या नंबरावर नेऊन पुरलं.

त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. “साहेब, मला तिथे परत बोलायचंय.”

“अहो, झालं ना एकदा. वर्षातून एकदाच असतं ते.”

“झालं नाही, साहेब. मी बोलले, एवढंच झालं.”

डॉक्टरांनी खांदे उडवले. सिस्टरांनी मग सुपरवायझरला स्वतःच गाठलं. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात फक्त शिलाईचे आकडे. त्यानं बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाला, “पंचवीस मिनिटं देतो. सव्विसाव्या मिनिटाला मशिनी सुरू.”

आता बोलायचं काय आणि कसं? सिस्टरांनी चार कागद लिहून काढले आणि स्वयंपाकघरात अण्णांच्या समोर उभ्या राहिल्या. अण्णांनी भाजी बाजारात तीस वर्षं लिलाव पुकारला होता. एकेकाळी त्यांचा आवाज लाउडस्पीकरशिवाय बाजाराच्या दोन्ही फाटकांपर्यंत जायचा म्हणे. आता घशाच्या ऑपरेशननंतर नुसती घरघर उरली होती. त्यांच्याशी बोलताना आपणच कान पुढे करावा लागायचा.

सिस्टरांनी वाचायला सुरुवात केली. दुसरा कागद संपेपर्यंत अण्णांनी डोळे मिटले होते.

“अण्णा! झोपलात?”

“नाही. गिऱ्हाईक झालो.” त्यांनी एक डोळा उघडला. “सूनबाई, तू विकायला काय आणलंयस?”

“म्हणजे काय?”

“टोपलीत काय आहे?”

“बरंच आहे. पाणी किती वेळ टाकायचं, बर्फ लावायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ कापडानं झाकायचं, मग कुठल्या प्रकारचं भाजणं–”

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” अण्णा घरघरले. “मी एका वेळी एकच टोपली उचलायचो. दोन उचलल्या की लोक दोन्हींकडे बघत बसतात आणि हात कोणीच वर करत नाही. एकच सांग. ते लोक घरी जाऊन सगळं विसरले आणि एकच गोष्ट उरली, तर कुठली उरावी?”

“पाणी,” सिस्टर म्हणाल्या. “वीस मिनिटं.”

“मग पाणी दाखव. टोपलीवर फडकं टाकून कधी लिलाव होतो का?”

सिस्टर चिडल्या. “अण्णा, मी काही भाजी विकत नाहीये.”

“तेच तर अवघड आहे. भाजी लोकांना हवीच असते. तुझा माल कोणालाच नकोय. आपलं पोर भाजेल असं जेवताना कोणाला ऐकायचंय?”

त्या रागारागानं कागद गोळा करून निघून गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या. त्या आठवड्यात हे असंच चाललं. सिस्टर बोलायच्या, अण्णा अडवायचे. आभार मानायला लागल्या की अण्णा टेबलावर टकटक करायचे: “पुढे. गिऱ्हाईक निघालं.” येरझाऱ्या सुरू झाल्या की म्हणायचे, “मी तुझे पाय बघतोय, बोलणं कोण ऐकणार?” सिस्टरांनी नजर भिरभिर फिरवली की म्हणायचे, “गर्दीला डोळे नसतात ग. एका माणसाला धर. वाक्य पुरं होईतो सोडू नको. मग दुसऱ्याला धर.”

आणि एक दिवस त्यांनी असं काही सांगितलं की सिस्टरांना ते अजिबात पटलं नाही. “शेवटची बोली लागली की मी गप्प व्हायचो. दोनदा पुकारून तिसऱ्यांदा पुकारायच्या आधी. सगळा बाजार श्वास धरायचा. तिथेच कोणाचा तरी हात वर जायचा. आवाजावर माल खपतो असं सगळ्यांना वाटतं. माल त्या गप्प राहण्यावर खपायचा.”

“मला नाही जमणार. मी गप्प बसले की पोटात ढवळतं.”

“ढवळू दे. त्यांच्याही पोटात ढवळू दे.”

सिस्टर धुणं धुताना बोलायच्या, बस थांब्यावर ओठ हलवत उभ्या राहायच्या. शेजारी उभा असलेला माणूस एकदा चार पावलं लांब सरकला. कागद चाराचा एक झाला, मग एका बाजूचा झाला, मग त्यावर सहा शब्द उरले. पण पाणी दाखवायचं कसं, ते काही सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी भांडी घासताना त्यांनी सहज डावा हात नळाखाली धरला आणि घड्याळात पाहिलं. बघू तर खरं, वीस मिनिटं म्हणजे किती. एवढी वर्षं त्या रुग्णांच्या नातेवाइकांना हेच ऐकवत आल्या होत्या, “वीस मिनिटं पाणी टाकायला काय झालं होतं?” स्वतः कधी धरून पाहिलं नव्हतं. दोन मिनिटांत बोटं गारठली. चार मिनिटांत त्यांना वाटलं, झालं असेल. सहाव्या मिनिटाला नवऱ्यानं हाक मारली आणि त्यांचा उजवा हात आपोआप नळ बंद करायला गेला. त्या तशाच थांबल्या. ‘आपल्यालाच माहीत नव्हतं,’ त्यांच्या मनात आलं. ‘वीस मिनिटं किती लांब असतात, हे सांगणाऱ्यालाच माहीत नव्हतं.’ पूर्ण वीस मिनिटं त्या तिथे उभ्या राहिल्या. नवऱ्याला वाटलं, बायकोला काहीतरी झालं. पण सिस्टरांना त्यांचं भाषण सापडलं होतं.

ठरलेल्या दिवशी त्या कँटीनमध्ये अर्धा तास आधी पोहोचल्या. पाचावर धारण बसली होती. दोनदा बाथरूमला जाऊन आल्या. पडदा नको म्हणाल्या, माइक नको म्हणाल्या. एका भिंतीला हात धुण्याचं लांबलचक बेसिन होतं, ओळीनं आठ नळ. बायका आल्या तशी त्यांनी बाकं तिकडे वळवायला लावली. “जवळ या. अजून जवळ. माझा आवाज लांब जात नाही.”

मग त्यांनी आभार मानले नाहीत, नाव सांगितलं नाही. नळ सोडला. पाण्याची धार पडू लागली.

“हा नळ मी वीस मिनिटांनी बंद करणार आहे,” त्या म्हणाल्या. “माझं बोलणंही तेव्हाच संपेल. मला एक हात हवाय. कोण देतं?”

कोणी हललं नाही. कोणीतरी फिदीफिदी हसलं. ‘बरं, मी माझाच हात धरते’ हे वाक्य सिस्टरांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. पाणी पडत होतं. एक, दोन, तीन… हसणं थांबलं. पाच, सहा. डबे उघडायचे थांबले.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. ती त्या पोरीची आई होती. तिला बोलवायचं नाही, तिचा विषयही काढायचा नाही, असं सिस्टरांनी मनाशी पक्कं केलं होतं. ती बाकांमधून वाट काढत आली, बाही वर केली आणि हात नळाखाली धरला. सिस्टरांनी तिचं मनगट धरलं. आता त्यांना फिरायला पाय मोकळे नव्हते.

त्या बोलल्या. समजा, आत्ता भाजलंय. पहिल्या मिनिटाला तुम्ही घाबरलेल्या असता. दुसऱ्या मिनिटाला शेजारीण येते आणि टूथपेस्ट आणते. “तिला काय म्हणायचं?” कोणीतरी म्हणालं, “नको म्हणायचं.” “मोठ्यांदा म्हणा!” “नको!” तिसऱ्या मिनिटाला सासूबाई बर्फ आणतात. “नको!” तोपर्यंत हसू पसरलं होतं. चौथ्या मिनिटाला दीर म्हणतो, आता दवाखान्यात न्या. “नको!” “अहो, दवाखान्यात न्यायचं हो,” सिस्टर म्हणाल्या. “पण आधी पाणी. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी, बाकीचं अंग कोरडं, उबदार.”

नवव्या मिनिटाला पाण्याची धार बारीक झाली. टाकी संपत आली होती. याचा सराव सिस्टरांनी केला नव्हता. पण कँटीन झाडणाऱ्या बाईनं कोणी न सांगता कोपऱ्यातली भरलेली बादली उचलून आणली आणि पाण्याचा मग पुढे केला. “घरीही जातंच की पाणी,” ती म्हणाली. मग बायका एकेक करून उठल्या, प्रत्येकीनं थोडा वेळ त्या हातावर पाणी ओतलं आणि तो मग पुढचीच्या हाती दिला. घड्याळाकडे सगळ्याच बघत होत्या. “अजून अकराच?” एक जण वैतागून म्हणाली.

“हेच मला सांगायचं होतं,” सिस्टर म्हणाल्या.

चौदाव्या मिनिटाला ती आई बोलू लागली. पाण्याकडे बघत, कोणाला उद्देशून नाही. “मी एक तांब्या टाकला होता. मला वाटलं, भरपूर झालं. माझ्या मुलीचा हात अजून वर जात नाही.” एवढंच. सिस्टरांना काहीतरी बोलावंसं वाटलं, धीर द्यावासा वाटला. तीस वर्षांच्या लिलावात अण्णा जिथे गप्प राहिले असते, तिथे त्याही गप्प राहिल्या. कँटीनमध्ये फक्त पाण्याचा आवाज होता.

विसाव्या मिनिटाला सिस्टरांनी पाण्याचा मग खाली ठेवला, “झालं,” म्हणाल्या आणि आईचा हात स्वच्छ पांढऱ्या फडक्यानं टिपला. टाळ्या वाजल्या नाहीत. काही बायका आपापल्या हाताकडे बघत उठल्या.

पुढे काय झालं म्हणाल, तर सगळं काही गोड झालं नाही. महिन्याभरात एक आचारी वॉर्डात आला. तेलानं पंजा भाजला होता, पण जखम वरवरची, स्वच्छ. सोबत त्याची बायको आणि बायकोची वहिनी. वहिनी स्वतः त्या कपड्यांच्या कारखान्यात नव्हती, तिची मैत्रीण तिथे कामाला होती. ती अभिमानानं म्हणाली, “सिस्टर, पूर्ण वीस मिनिटं पाणी टाकलं आम्ही. आणि मी सारखी बोलत राहिले. बोलत राहायचं असतं ना? मैत्रिणीनं सांगितलं, पाणी पडेतोवर कोणीतरी बोलायचं असतं.” सिस्टर भांडाराच्या खोलीत जाऊन पोट धरून हसल्या आणि मग तिथेच थोडं रडल्याही.

त्यानंतर सिस्टरांना इतर ठिकाणांहूनही बोलावणी येऊ लागली, पण एका मोठ्या सभागृहात त्यांचं भाषण साफ पडलं. पाचशे माणसं, उंच व्यासपीठ, पाण्याची सोय नाही. त्यांनी तेच टूथपेस्टचे आणि सासूबाईंचे विनोद ऐकवले. समोर बहुतेक पुरुष होते, एकही जण हसला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन त्यांनी पर्स आदळली तेव्हा अण्णा म्हणाले, “कालचीच टोपली आज नेलीस? बाजार कुठला, गिऱ्हाईक कोण, बघायला नको?”

आणि वर्षाअखेरीच्या बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी आकडे मांडले. वॉर्डात येणाऱ्यांची संख्या गेल्या वर्षीइतकीच होती. “सिस्टर, तुमच्या भाषणांचा उपयोग होतोय हे कसं दाखवायचं?” त्यांनी विचारलं. खोचक नव्हतं ते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. जे आले नाहीत, किंवा आले आणि दोन दिवसांत घरी गेले, त्यांची यादी सिस्टरांनी कुठून आणायची? त्या बैठकीतून उठल्या त्या तळपायाची आग मस्तकात जाऊन. वॉर्डाला त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, कपाट आवरलं, तरी चैन पडेना.

पुढच्या मंगळवारी त्यांचं भाषण लोखंड ओतण्याच्या कारखान्यात होतं. त्या तासभर आधी गेल्या. आवारात अजून कोणी जमलेलं नव्हतं. भट्टीवरची पाळी संपवून एक पन्नाशीचा माणूस बाहेर येऊन पाण्याची बाटली तोंडाला लावत होता. सिस्टर त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमच्याकडे जास्त कुठे भाजतं?” त्यांनी विचारलं.

त्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही कोण?”

“मी भाषण द्यायला आलेय. पण मला तुमचं काम माहीत नाही.”

त्यानं बाटलीला झाकण लावलं, पायरीवर बसला, बूट काढला आणि पायमोजा खाली सारला. घोट्यावर जुन्या डागांची रांग होती. “ठिणगी बुटात जाते, बाई,” तो म्हणाला. “आणि बूट काढायला दोन मिनिटं लागतात.”

सिस्टर त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. “परत घालून काढून दाखवा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”